आईच्या रांजणातली चव

२४ नोव्हेंबर १९७४, रविवार

"काहीही झालं तरी पोराचा हात सोडू नकोस." युद्धातून पळताना, उत्तरेतल्या आमच्या हंगनाम बंदराच्या धक्क्यावर आई असं म्हणाली, त्याला येत्या डिसेंबरात चोवीस वर्षं होतील. मी एकोणीस वर्षांची होते, ह्योनगिल सात वर्षांचा. माझ्या एका हातात तो आणि दुसऱ्या हातात बाटली. आमच्या घरच्या जांगची, सोयाबीन आंबवून केलेल्या, आजीच्या आजीपासून चालत आलेल्या मूळ रसाची, गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. दोन्ही हात भरलेले. आई म्हणाली, मी मागोमाग आहेच. जहाजाच्या शिडीवरून वळून पाहिलं तेव्हा तिच्या जागी दुसऱ्याच बायका उभ्या होत्या.

हे आज लिहायचं कारण म्हणजे ही वही. ह्योनगिलने आणली. जाड कागद, कडेला सोनेरी रेघ. म्हणाला, "घे ताई. शाळेत निबंधात पहिली यायचीस ना? लिही आता."

मी म्हटलं, "वेळ कुठाय? पहाटे उठून हातोडी घेते ती अंधार पडेपर्यंत."

"उद्यापासून हातोडी घ्यायची नाही."

"मग खायचं काय?"

"मी काय मेलोय?" तो हसला. त्याच्या उजव्या हाताचं अर्धं बोट इंजिनाच्या पट्ट्यात गेलंय, त्याच हाताने त्याने माझा हात उलटा केला आणि घट्टे पाहिले. वीस वर्षं मी दक्षिणेतल्या या बंदराच्या गोदीत जहाजांचा गंज खरवडते आहे. फळीवर लोंबकळत दिवसभर ठण ठण. डाव्या कानाने आता कमीच ऐकू येतं. त्यावरच तो शिकला, मेकॅनिक झाला, योम शेठच्या नावांवर इंजिनं सांभाळायला लागला. योम शेठ सुक्या मासळीचा व्यापारी, मोठा माणूस. त्याने ह्योनगिलवर विश्वास टाकला म्हणून आज आमचे दिवस बदलतायत.

आईला हे दिसायला हवं होतं.

३ डिसेंबर

नवं घर टेकडीच्या अगदी वर आहे. शेजार नाही. मागे पाइनची झाडं, समोर समुद्र. हवा स्वच्छ असली की जपानचं बेट दिसतं. अंगणात रांजणांचा मोठा ओटा बांधून दिलाय. कडेला विटांची एक खोली आहे, तिच्या खिडक्या बुजवल्यात. तिथे ह्योनगिलचं काम चालणार. समुद्रशेवाळ टिकवायचं काही औषध, जपानी लोक मागतात म्हणे.

माझं काम ऐकून तर मला रडूच आलं. "ताई, तू जांग कर. आईच्या पद्धतीचं. आपण तेही जपानला पाठवू."

गोदीतली माझी मैत्रीण दोकसून मदतीला आलीय. पोती बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दहा पोती सोयाबीन! तुझा भाऊ अख्ख्या जपानला जेवायला घालणार वाटतं!"

"निर्यात करायची आहे. रेडिओवर रोज सांगत नाहीत का, निर्यात करा म्हणून?"

"सांगतात. पण जांगला कोण एवढी घाई करतं बाई?"

ह्योनगिलची एकच अट आहे. चूल विझता कामा नये. "काही ना काही उकळत राहू दे. लोकांना कळू दे इथं जांगचा कारखाना आहे." सोयाबीन शिजवायचे, कुटायचे, त्याच्या ढेपा करून पेंढ्याने आढ्याला टांगायच्या. मला काम कधी जड गेलं नाही.

१९ डिसेंबर

विटांच्या खोलीतले मास्तर म्हणजे पांग मास्तर. पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. चाळिशीचे असतील, पण वाकलेत. चष्म्याची एक काडी तुटली होती, मी निळ्या दोऱ्याने बांधून दिली. चष्मा काढला की त्यांना स्वतःचा हातही नीट दिसत नाही. दोरा गुंडाळून होईस्तोवर आंधळ्यासारखे बसून होते.

"ताई, हा रंग फार उठून दिसतो," म्हणाले.

"म्हणजे हरवला तर लगेच सापडेल."

किती दिवसांनी एखादा माणूस माझ्या बोलण्यावर हसला.

ते जेवत मात्र नाहीत. भात तसाच परत येतो. डोळे लाल. दोन-दोन दिवस झोपत नाहीत, मग एकदम दीड दिवस उठत नाहीत. ह्योनगिल म्हणतो, हुशार माणसं अशीच असतात. मला वाटतं क्षयाची सुरुवात असावी. उद्यापासून त्यांना समुद्रशेवाळाचं सूप देणार, शिंपले घालून.

२२ जानेवारी १९७५

आज वॉर्ड ऑफिसचा माणूस आला होता, नाकावर रुमाल धरून. म्हणाला, खालच्या वस्तीतून तक्रार आहे. टेकडीवरून उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात.

मला राग आला. म्हटलं, "साहेब, तुमच्या आईने कधी सोयाबीन शिजवले नाहीत का? ढेपा आंबतात तेव्हा काय अत्तराचा वास येतो?" त्याला हात धरून आढ्याखाली नेलं. तीनशे ढेपा, वर पांढरी बुरशी, एकसारखी. तो ओशाळला. जाताना एक ढेप घेऊन गेला.

ह्योनगिल संध्याकाळी आला. त्याला हे सांगितलं तर इतका हसला की खोकला लागला. माझे दोन्ही गाल धरून म्हणाला, "ताई, तू नसतीस तर माझं काय झालं असतं?"

आयुष्यात त्याने असं कधी म्हटलं नव्हतं. आज हेच लिहायचं होतं, वॉर्डवाल्याचं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यातला अश्वदिन. जांग घालायचा दिवस. तीन दिवस मी कुणाशी भांडले नाही, कुणाच्या मयताला गेले नाही. पहाटे आंघोळ करून तोंडावर कागद बांधला. श्वाससुद्धा रसाला लागू नये असं आई म्हणायची. मीठपाण्यात अंडं सोडून पाहिलं, नाण्याएवढं वर तरंगलं की मीठ बरोबर. ढेपा सोडल्या, वर जळता कोळसा आणि लाल मिरच्या. रांजणांच्या गळ्यात पेंढ्याची दोरी बांधली, कागदाचा मोजा कापून उलटा चिकटवला. वाईट काही आलंच तर त्या मोज्यात पाय अडकून माघारी जावं.

सगळ्यात मागे आईचा म्हणून ठेवलेला छोटा रांजण आहे. बाटलीतल्या त्या मूळ रसात दरवर्षी नव्यातला एक वाडगा घालते. काळाभोर झालाय, काकवीसारखा. या रांजणात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही. आईची समजूत होती की याची चव बदलली तर घर बसतं.

दुपारी ह्योनगिल मोटारीतून आला. स्वतःची मोटार! उतरताच ओरडला, "ताई, योम शेठला पकडला!"

मी तोंडावरचा कागद तसाच ठेवून हाताने गप्प बस म्हटलं. आजच्या दिवशी असली बातमी रांजणांसमोर सांगतात का? नंतर घरात विचारलं. कुणीतरी चुगली केली म्हणे. गोदामाचा पत्ता, दिवस, वेळ, सगळं लिहून कळवलं. तस्करीचा आरोप आहे.

"इतक्या चांगल्या माणसाचा कुणी घात केला असेल?"

"जग वाईट आहे ताई," तो म्हणाला आणि दुसऱ्यांदा भात मागितला. नावा, गोदाम, माणसं वाऱ्यावर पडू नयेत म्हणून आता सगळं त्यालाच बघावं लागणार आहे. एकतिसाव्या वर्षी केवढी जबाबदारी.

२० एप्रिल

जांगचा रस ढेपांपासून वेगळा काढून उकळला. हे वर्षातून एकदाच करायचं काम. वासाने दोकसून म्हणाली, "माझ्या सवतीलासुद्धा हे शिजवायला लावणार नाही मी."

"तुला सवत कुठाय?"

"म्हणून तर."

पण आज ह्योनगिलशी वाद झाला. तो म्हणतो, रोज उकळ. मी समजावलं की पुन्हा पुन्हा उकळला की कडू होतो, काळा डांबर होतो, कुणी तोंडात धरणार नाही. तो म्हणाला, "चवीचं बघू नकोस. मी बाजारातून स्वस्तातला आणून देतो, तो उकळ."

चवीचं नाही बघायचं तर कशाचं बघायचं? आईच्या हाताखाली वाढलेल्या मुलाने असं बोलावं? मग वाटलं, त्याला आई आठवतच नसेल. सात वर्षांचं पोर. माझ्याजवळ आहे तेवढी आई त्याच्याजवळ नाही.

आता दिवसभर बाजारचा रस उकळते आहे. तो कुणी पीत नाही. दोकसून आठवड्याला एक कढई गटारात ओतते.

११ मे

ह्योनगिलने सिनेमाला नेलं. नवा कोट घालून, मला रेशमी कपडे घ्यायला लावून. एका गुंडाची गोष्ट होती, गोदीतल्या हमालापासून सगळ्या शहराचा मालक होईपर्यंत. शेवटी तो चिखलात पडून मरतो आणि त्याची आई त्याचं डोकं मांडीवर घेते. मी रडले. आजूबाजूच्या सगळ्या बायका रडल्या.

ह्योनगिल हसत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "सरकार असा शेवट करायला लावतं, ताई. नाहीतर कात्री लागते. खऱ्यात काय होतं माहितीय? तो माणूस दुसऱ्या दिवशी उठतो, दाढी करतो आणि महापौराबरोबर जेवतो."

"तुला कसं माहीत?"

"कालच जेवलो महापौराच्या माणसांबरोबर," तो म्हणाला. थट्टाच होती. पण खरंच त्याला आता मोठमोठी माणसं बोलावतात. हंगनामहून आलेल्या आमच्या लोकांच्या मंडळाचा तो अध्यक्ष झाला. म्हाताऱ्या बायका माझे हात हातात घेऊन म्हणतात, हातोडीचं सार्थक केलं पोराने.

पुलावर मी त्याचा हात धरायला गेले. त्याने धरू दिला. हातात अंगठी आहे, जाड. ती माझ्या बोटांना रुतली.

२९ जून

पांग मास्तर आज सकाळी ओट्यावर येऊन बसले. दंड खाजवून खाजवून रक्त काढलंय. म्हणाले, कातडीखाली किडे फिरतात. मी पाहिलं, काही नव्हतं. पुढचे दोन दातही पडलेत.

मी म्हटलं, "मास्तर, हे औषध बनवताना तुम्ही तोंडाला फडकं बांधत नाही ना?"

त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला. "ताई, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"काही नाही. घरी आई आहे. पर्सिमनची, त्या केशरी गोड फळांची, तीन झाडं आहेत. मला जायचंय. पुढच्या गुरुवारी, तुमचे भाऊ गावात नसताना. तुम्ही फक्त पुढचं दार उघडं ठेवा. भावाला सांगू नका."

मी हो म्हटलं. मग त्यांनी शेवाळाचं सूप प्यायलं, पूर्ण वाडगा. सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

१ जुलै

दोन दिवस मनात घोळत होतं. आजारी माणूस, एकट्याने कुठे जाणार? रस्त्यात पडला तर? ह्योनगिल मनाने मोठा आहे. निर्वासित मंडळातल्या किती म्हाताऱ्यांचं औषधपाणी तो करतो. मास्तर उगाच घाबरतात. न सांगता पळून गेले तर उलट तो दुखावेल.

म्हणून आज सांगितलं. "मास्तरांना आईची आठवण येते. गुरुवारी जायचं म्हणतायत. त्यांना रीतसर रजा दे, कुणी सोबत दे."

ह्योनगिल मासा सोलत होता. माझ्या ताटलीत काटे काढलेला तुकडा ठेवला. "बरं झालं सांगितलंस, ताई," म्हणाला. "नाहीतर बिचारा एकटा गेला असता."

मला हलकं वाटलं. शब्द मोडला खरा, पण त्यांच्या भल्यासाठी.

३ जुलै, गुरुवार

सकाळी उठले तर मास्तर गेलेले. ह्योनगिलने स्वतः पहाटे त्यांना नावेत बसवलं. आमची सर्वांत चांगली नाव, दोन माणसं सोबत. मी डब्यात भात आणि सुकी मासळी बांधणार होते, ते राहिलं. निरोपही घेता आला नाही. माणसाची सवय लवकर होते. दुपारी सवयीने दोन वाडगे काढले.

६ जुलै

विटांच्या खोलीत नवा माणूस येणार म्हणून झाडायला गेले. ह्योनगिल आत जाऊ देत नाही एरवी, पण आज कुलूप नव्हतं. टेबलाखाली मास्तरांचा चष्मा सापडला. निळा दोरा लगेच दिसला. एक काच तडकलीय.

चष्म्याशिवाय हा माणूस घरी कसा पोहोचला असेल? आईचा चेहराही नीट दिसला नसेल. ह्योनगिलला म्हटलं, पत्ता दे, पाठवून देते. त्याने चष्मा हातातून घेतला. "मी पाठवतो." कोटाच्या खिशात टाकला.

दोकसूनला सांगितलं तर ती उठून कढई घासायला लागली. तिचं गप्प बसणं मला आवडलं नाही. ही बाई जेवतानासुद्धा बोलते.

२४ ऑगस्ट

कसं लिहू कळत नाही.

दुपारी एक म्हातारी टेकडी चढून आली. हातात पर्सिमनच्या वाळवलेल्या फोडी, फडक्यात बांधलेल्या. म्हणाली, "मी पांगची आई. पोराने पत्रात लिहिलं होतं, टेकडीवर रांजणवाली ताई आहे, ती मला जेवू घालते. जूनपासून पत्र नाही. म्हटलं आजारी आहे का बघावं."

मी म्हटलं, "ते तर तुमच्याकडेच आले, आजी. तीन जुलैला. माझ्या भावाने स्वतः नावेत बसवून पाठवलं."

"नावेत?"

"हो. चांगली नाव होती."

म्हातारी गोंधळली. मग हळू, मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "पण बाई, आम्ही मिर्यांगचे. आमच्या गावाला समुद्र नाही. तिथं आगगाडी जाते."

रांजणांची झाकणं उघडी होती, उन्हासाठी. मी एकेक झाकत गेले. सगळी झाकून झाली तरी ती उभीच होती.

तिला जेवायला वाढलं. जाताना तिने विचारलं, "माझं पोर गेलं असेल तर तेवढं सांगा. मी रडत बसणार नाही. पण पाणी ठेवायचं तर कुठल्या दिशेला ठेवू?"

आम्ही हंगनामची माणसं दर सणाला उत्तरेकडे तोंड करून वाकतो. आई आहे की नाही ते ठाऊक नाही, पण दिशा ठाऊक आहे. या बाईला तीही नाही.

आणि ते मी केलं. "भावाला सांगू नका," ते म्हणाले होते.

१४ सप्टेंबर

चुसोक, आमचा पितरांचा सण, सहा दिवसांवर आला. सणाच्या स्वयंपाकाला आईच्या रांजणातला रस लागतो, म्हणून झाकण काढलं. बोट बुडवून जिभेवर ठेवलं.

चव बदललीय. खारट नाही, आंबट नाही. जीभ बधिर करणारं कडू काहीतरी.

हात कोपरापर्यंत घातला. तळाशी प्लास्टिकच्या पुड्या, मेण लावलेल्या. अकरा. एक फुटली होती. आत पांढरे खडे, मिठासारखे. पण मीठ मी ओळखते.

दोकसूनने बघितलं आणि खालीच बसली. "हिरोपोन," म्हणाली. "जपान्यांच्या राज्यात गोदीत वाटायचे, हमालांनी झोपू नये म्हणून. माझा थोरला भाऊ त्यातच वेडा होऊन गेला. ओकनिम, अगं, खालची सगळी वस्ती कुजबुजते. तुला खरंच माहीत नव्हतं?"

मास्तरांनीही हेच विचारलं होतं.

मला माहीत नव्हतं. की माहीत करून घ्यायचं नव्हतं? नऊ महिने चूल पेटती ठेवली. कुणी न पिणारा रस रोज उकळला. वॉर्डवाल्याचा हात धरून त्याला ढेपा दाखवल्या. जांग करणाऱ्या बाईने एकदा तरी विचारायला हवं होतं, की चवीचं बघू नकोस म्हणणारा माणूस कशाचं बघतोय.

त्याने पुड्या याच रांजणात लपवल्या, कारण इथे कुणी हात घालत नाही हे फक्त घरच्याच माणसाला माहीत.

१६ सप्टेंबर

त्याच्यासमोर पुड्या ठेवल्या. तो जेवत होता. घास थांबला नाही.

"जपानला जातं ते, ताई. एक खडाही आपल्या माणसांना विकत नाही मी. त्यांनी आपलं काय काय नेलं, आठव. आता त्यांची पोरं हे खातात. मी देशात पैसा आणतो. खरं तर पदक द्यायला पाहिजे मला."

"योम शेठची चुगली कुणी केली?"

"सूप आहे का अजून?"

"पांग मास्तर कुठे आहेत?"

मी सूप वाढलं. अशा वेळीही वाढलं. त्याने वाडगा दोन्ही हातांनी उचलून प्यायलं, लहानपणी प्यायचा तसं, वाडग्यामागे चेहरा लपवून. खाली ठेवला तेव्हा डोळे ओले होते. वाफेने असतील.

"तो बोलला असता, ताई. गावी जाऊन बोलला असता. तूच तर सांगितलंस, जातोय म्हणून."

मग पुड्या उचलून मोटारीत ठेवल्या. एक मी आधीच काढून घेतली होती.

२० सप्टेंबर, चुसोक

मंडळाचे दोनशे लोक समुद्राकाठी जमले. मोठं ताट मांडलं, उत्तरेकडे. अध्यक्ष म्हणून पहिला नमस्कार ह्योनगिलचा. त्याने कपाळ वाळूला टेकवलं आणि तो उठेना. म्हाताऱ्या बायका हुंदके देऊ लागल्या, केवढं आईवेडं पोर म्हणून. मला ठाऊक आहे, तो खरंच रडत होता. हेच मला कळत नाही. ते खोटं असतं तर सोपं होतं.

यंदा ताटातल्या कुठल्याच पदार्थात आईचा रस नव्हता. पहाटे मी तो रांजण पाइनच्या झाडांमागे रिकामा केला. जमीन किती वेळ तो पीत राहिली. हंगनामहून फक्त दोन गोष्टी आणल्या होत्या. एक संपली.

परतताना ह्योनगिल म्हणाला, "ताई, उद्या सकाळी तू आणि मी नावेतून जाऊ. दोघंच. उत्तरेला जाता येईल तितकं जाऊ. तिथून आईला नमस्कार कर."

इतक्या वर्षांत त्याने मला असं कधी नेलं नव्हतं.

२१ सप्टेंबर, रविवार, सकाळ

दोकसून उजाडताच आली. "जाऊ नकोस. मास्तरलाही नावेतच बसवलं होतं."

"मी त्याची बहीण आहे."

"म्हणूनच."

"जहाजात तीन दिवस तो उभ्या उभ्या झोपला, माझ्या हाताला लटकून. माझा हात सुजला होता, दोकसून."

"तेव्हा तो सात वर्षांचा होता, बाई!" ती एवढ्या जोरात ओरडली की माझ्या बधिर कानालाही ऐकू आलं. मग माझी बाही धरून रडली.

तिला पुडी दिली. ही वहीही आता देणार आहे. तिला म्हटलं, संध्याकाळपर्यंत मी परतले नाही तर मिर्यांगला जाऊन दोन्ही त्या म्हातारीच्या हातात ठेव, आणि मग दोघी मिळून जिथे द्यायचं तिथे द्या. टेकडीखालच्या चौकीत नको. तिथल्या साहेबांच्या घरी ह्योनगिलने पाठवलेले आमचेच रांजण आहेत. मी परतले तर मी स्वतःच घेऊन जाईन, तो सोबत असला तर ठीक, नसला तरी.

दोकसून विचारते, पळून का जात नाहीस. मला एवढंच कळतं की हात धरायचा तर जवळ बसावं लागतं. आईने मला हात सोडू नको म्हटलं होतं. धरून त्याला कुठे न्यायचं ते सांगितलं नव्हतं. ते ठरवायला मला चोवीस वर्षं लागली.

खाली मोटारीचा भोंगा वाजला. दोनदा. त्याने अंगठी काढून ठेवली असेल तर बरं होईल.

नाव धक्क्यापासून लांब गेली की मी त्याला सांगणार आहे. तो नाही म्हणेल. हसेल, किंवा सूप मागितलं होतं तसं दुसरंच काहीतरी बोलेल, किंवा माझ्याकडे बघणारच नाही. तरी मी म्हणणार आहे: ह्योनगिल, हात दे. नाव वळव. त्या म्हातारीला पाणी कुठल्या दिशेला ठेवायचं ते तू स्वतः येऊन सांग. मी शेजारी उभी राहीन.